ग्लिसरीनचं ग्लायकॉल करताना: कॅटॅलिस्ट बदलण्याआधी मीठ शोधा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. समजण्यात काही गफलत होत असेल तर लगेच टोका.

गुहागर-दापोली पट्ट्यातल्या हॉटेलांचं, खाणावळींचं तळून झालेलं तेल तुम्ही गोळा करता आणि त्याचं बायोडिझेल करता. महिन्याला दोनेक टन कच्चं ग्लिसरीन उरतं, त्याला धड गिऱ्हाईक नाही. बायोडिझेल करताना होणारा साबण तोडायला तुम्ही हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरता. तुमचा भाचा एम.एस्सी. करतोय आणि त्याने कॉलेजात कॉपर-झिंक-ॲल्युमिनाचा कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रिया घडवून आणणारा पदार्थ) स्वतः बनवला. ३०० मिलीच्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब सोसणाऱ्या बंद भांड्यात, २१० अंशांना, हायड्रोजन भरून ४० बार दाबाखाली, बाटलीतलं शुद्ध ग्लिसरीन आणि डिस्टिल्ड पाणी घेऊन आठ तास चालवल्यावर पाऊण भाग ग्लिसरीन वळलं आणि त्यातलं बहुतेक प्रॉपिलीन ग्लायकॉल (रेझिन, कूलंटमध्ये जाणारं रसायन) झालं. मग तुमचं ग्लिसरीन घेतलं, पातळ करायला तुमच्या विहिरीचं गाळलेलं पाणी घेतलं, बाकी सगळं तेच ठेवलं. पहिल्या बॅचला जेमतेम तीस टक्के, दुसऱ्या बॅचला जवळजवळ काहीच नाही. काळा कॅटॅलिस्ट तांबूस पडला. आता तुम्ही विचारताय की रुथेनियम घ्यावा, प्लॅटिनम घ्यावा की रॅनी निकेल (सच्छिद्र, बारीक निकेलचा कॅटॅलिस्ट)? आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलचाच भाऊबंद असलेल्या १,३-प्रोपेनडायॉलला भाव जास्त मिळतो, तर तेच का करू नये? शिवाय, मेलेला कॅटॅलिस्ट टाकायचा कुठे?

यातलं काहीही विकत घेऊ नका, निदान इतक्यात नको. भाच्याचा कॅटॅलिस्ट चांगला आहे. शुद्ध ग्लिसरीनवर त्याने ते दाखवून दिलंय. तुमच्या फीडमध्ये, म्हणजे भांड्यात जाणाऱ्या कच्च्या मालात, त्याला मारणारं काहीतरी आहे, आणि ते काय असावं याचा माझा अंदाज तुमच्या मजकुरातल्याच दोन शब्दांवर आहे: ‘हायड्रोक्लोरिक’ आणि ‘विहीर’. अंदाज म्हणतोय, कारण तुमचं ग्लिसरीन मी पाहिलेलं नाही. तेल कुठून येतं, किती वेळा तळलेलं असतं, त्यात मासळीचं किती, यावर बरंच अवलंबून असतं. पण लोटे-परशुराम एमआयडीसीत हायड्रोजिनेशनवर (हायड्रोजन जोडण्याच्या कामावर) मी पंचवीसेक वर्षं काढली. त्यात ग्लिसरीन थोडंच होतं, जास्त करून नायट्रो संयुगं आणि फॅटी ॲसिडं. तरी कॅटॅलिस्ट मरायची कारणं सगळीकडे तीच चार-पाच असतात.

तांबंच का, ते आधी बघू. ग्लिसरीनच्या रेणूत तीन कार्बनची साखळी आणि प्रत्येक कार्बनवर एक ओएच, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. आपल्याला टोकाचा एक ओएच काढायचाय आणि कार्बनची साखळी शाबूत ठेवायचीय. नारळ सोलणारा जसा पहारीवर सोडण काढतो आणि करवंटीला तडा जाऊ देत नाही, तसं हे काम. तांबं कार्बन-ऑक्सिजनचा बंध तोडतं आणि कार्बन-कार्बनच्या वाटेला फारसं जात नाही. रुथेनियम आणि निकेल दोन्हीवर घाव घालतात, मग एथिलीन ग्लायकॉल, मिथेन, कार्बन डायऑक्साइड असा पसारा होतो. हायड्रोजन विकत घ्यायचा आणि त्याचा मिथेन करून हवेत सोडायचा, यात कसलं शहाणपण? रुथेनियम चपळ आहे हे खरं, पण तुम्हाला चपळाई नकोय, निवड हवीय.

तांब्यावर हे काम दोन पायऱ्यांत होतं. आधी ग्लिसरीनमधून पाण्याचा एक रेणू निघतो आणि ॲसिटॉल तयार होतं, मग ॲसिटॉलवर हायड्रोजन बसून प्रॉपिलीन ग्लायकॉल होतं. पहिल्या पायरीला तापमान लागतं, दुसरीला हायड्रोजन लागतो आणि ती थोड्या कमी तापमानालाही खूश असते. जपानमध्ये चिबा विद्यापीठातल्या सातो यांच्या गटाने हेच हेरून एकाच नळीत वरचा भाग गरम आणि खालचा भाग बराच थंड ठेवला आणि साध्या वातावरणाच्या दाबाला उत्तम उतारा मिळवला. ऑटोक्लेव्हमध्ये अशी चैन करता येत नाही, म्हणून आपण दाब वाढवतो. ॲसिटॉलचं नाव लक्षात ठेवा, पुढे रोगनिदानाला उपयोगी पडेल.

आता मिठाकडे येतो. हायड्रोक्लोरिकने साबण तोडला की त्यातल्या क्लोराइडचं मीठ होतं आणि ते ग्लिसरीनमध्येच राहतं. तुमच्या भाच्याचा कॅटॅलिस्ट म्हणजे तांबं, झिंक ऑक्साइड आणि ॲल्युमिना. हेच त्रिकूट जगभर मिथेनॉल बनवायला वापरतात. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने १९६६ च्या सुमाराला त्यावर कमी दाबाची मिथेनॉल प्रक्रिया सुरू केली. तांबं मिथेनॉल करतं हे त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. मग इतकी वर्षं थांबले कशाला? कारण कोळशापासून केलेल्या वायूत गंधक आणि क्लोरीन असायचं आणि तांबं त्यात टिकत नसे. वायू स्वच्छ मिळायला लागला तेव्हा तांब्याचे दिवस आले. तुम्ही आज त्याच जागी उभे आहात, फक्त वायूऐवजी तुमच्याकडे ग्लिसरीन आहे.

क्लोराइड तांब्याचं नेमकं काय करतं? कॅटॅलिस्टमध्ये तांब्याचे कण काही नॅनोमीटरचे असतात, एकमेकांपासून सुटे. काम करणारा पृष्ठभाग मोठा मिळतो तो त्यामुळेच. क्लोराइड आलं की तांब्याचं क्लोराइड बनतं, ते धातूपेक्षा फार कमी तापमानाला चळतं, आणि त्याच्या पाठीवर बसून तांबं एका कणावरून दुसऱ्या कणावर जायला लागतं. लहान कण मोठ्यांत विरतात. झिंकचंही क्लोराइड होतं, म्हणजे कणांना वेगळं ठेवणारी भिंतही ढासळते. बारीक तांबं काळसर दिसतं, जाड झालं की भांड्याच्या तांब्यासारखं दिसायला लागतं. तुम्ही ‘तांबूस पडला’ लिहिलंत तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. नुसत्या रंगावरून खात्री देता येत नाही, पण खूण चांगली आहे.

आकडा मांडून बघा. समजा, १०० ग्रॅम कच्च्या ग्लिसरीनमध्ये तीन टक्के मीठ आहे. हायड्रोक्लोरिकने साबण तोडल्यावर इतकं असणं अजिबात नवल नाही. म्हणजे बॅचमध्ये तीन ग्रॅम मीठ गेलं. कॅटॅलिस्ट पाच ग्रॅम, त्यात निम्मं तांबं, म्हणजे अडीच ग्रॅम. मोलमध्ये मोजलं तर क्लोराइड ०.०५१ आणि तांबं ०.०३९. ऑटोक्लेव्हमध्ये तांब्याच्या अणूंपेक्षा क्लोराइडचे जास्त! आणि या तांब्यातलं पृष्ठभागावर असतं ते थोडंसंच. यापुढे रुथेनियम आणा नाहीतर सोनं आणा.

विहिरीचं पाणीही निर्दोष समजू नका. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत चालतं. म्हणजे जिभेला गोड लागणारं पाणीसुद्धा कॅटॅलिस्टच्या हिशेबात खारंच. आणि किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात हे मी तुम्हाला काय सांगणार. आमच्याकडे तांब्याच्या कॅटॅलिस्टवर जाणाऱ्या फीडमध्ये क्लोराइड एकेरी पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग) वर गेलं की शिफ्ट इंचार्ज बॅच घ्यायलाच तयार नसे.

तपासणी घरच्या घरी होते. परीक्षानळीत दहा मिली डिस्टिल्ड पाणी घ्या, त्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब, मग अगदी पातळ केलेल्या नायट्रिक ॲसिडचे चार थेंब. साबण शिल्लक असेल तर इथेच पाणी गढूळ होईल, कारण फॅटी ॲसिड सुटतं. ते गाळून घ्या, नाहीतर फसाल. गाळलेलं पाणी नितळ दिसलं की सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. हलकी दुधाळ झाक आली तर थोडं क्लोराइड. दूध नासल्यासारखा पांढरा साका गुठळ्या होऊन खाली बसला आणि उन्हात ठेवल्यावर जांभळट व्हायला लागला, तर तुमचा गुन्हेगार सापडला. शेजारच्या नळीत विहिरीचं पाणी आणि तिसरीत नुसतं डिस्टिल्ड पाणी ठेवा, म्हणजे तुलना होते. एक सांगून ठेवतो: नायट्रिक पातळच हवं. तीव्र नायट्रिक आणि ग्लिसरीन हे दोघं एका खोलीत उघडे ठेवायचे नसतात. त्यातून काय बनतं ते आल्फ्रेड नोबेलच्या घरच्यांना चांगलं माहीत होतं.

क्लोराइडखालोखाल संशय गंधकावर. तळलेल्या तेलात फ्री फॅटी ॲसिड जास्त असतं म्हणून बरेच जण आधी सल्फ्युरिक ॲसिडने एस्टर करतात, तेही उरतं. शिवाय मासळी आणि अंडी तळलेल्या तेलात प्रथिनांचं गंधक थोडंफार येतं. गंधक तांब्याला घट्ट चिकटतं आणि सुटत नाही. क्लोराइड निघाल्यावरही कॅटॅलिस्ट हळूहळू मंदावत असेल, तर तिकडे बघा.

आता दाबाबद्दल, कारण इथे नवशिके हमखास फसतात. तुमचं घड्याळ ४० बार दाखवतंय, पण तो सगळा हायड्रोजन नाही. २१० अंशांना नुसत्या पाण्याचाच वाफेचा दाब १९ बारच्या आसपास असतो. तुमच्या पातळ केलेल्या ग्लिसरीनवर त्यातला दहा-पंधरा बार तरी पाण्याचा. त्यात कच्च्या ग्लिसरीनमध्ये मिथेनॉल उरलेलं असेल तर ते या तापमानाला पाण्यापेक्षा कितीतरी जास्त दाब देतं. म्हणजे भाच्याच्या शुद्ध बॅचमधले ४० बार आणि तुमच्या बॅचमधले ४० बार हे दोन वेगळे आकडे आहेत. मिथेनॉल आधी उडवून टाका, आणि गार असताना किती हायड्रोजन भरला, ते वहीत लिहा.

मग जीसीचा, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफचा (मिश्रणात काय किती ते दाखवणाऱ्या यंत्राचा) कागद घेऊन बसा आणि नुसता ‘किती टक्के वळलं’ यावर थांबू नका. ॲसिटॉल जास्त दिसत असेल तर पहिली पायरी चालतेय आणि दुसरी अडलीय: हायड्रोजन कमी पडतोय, किंवा ढवळणी मंद आहे. ढवळणीचा वेग वाढवल्यावर ॲसिटॉल उतरलं तर दोष यंत्राचा. ग्लिसरीन तसंच पडून आहे आणि ॲसिटॉलही नाही, तर पृष्ठभाग मेलाय. एथिलीन ग्लायकॉल आणि वायू वाढलेत, तर तापमान जास्त झालंय किंवा कुठून तरी निकेल आत आलंय. आणि सगळे आकडे मिळवूनही बेरीज शंभराच्या बरीच खाली राहते, तेव्हा पीएच बघा. कॉस्टिक सोडा शिल्लक असलेल्या ग्लिसरीनमधून सोडियम लॅक्टेट होतं, आणि ते उडत नसल्यामुळे जीसीला दिसतच नाही. एकदा असं हरवलेलं ग्लिसरीन शोधण्यात मी आठवडा घालवला होता. ते फिल्टरमधून आलेल्या द्रवात, नाकासमोरच होतं.

भाच्याला चार बॅच करायला सांगा. दरवेळी ताजा कॅटॅलिस्ट आणि तेच तापमान. पहिली शुद्ध ग्लिसरीन आणि डिस्टिल्ड पाण्याची. दुसरी शुद्ध ग्लिसरीन आणि विहिरीच्या पाण्याची. तिसरी पहिलीसारखीच, पण चिमूटभर मोजून घेतलेलं मीठ घालून. चौथी तुमच्या ग्लिसरीनची, पण ते स्वतः डिस्टिल करून. प्रत्येक बॅचनंतर कॅटॅलिस्ट डिस्टिल्ड पाण्याने धुवायचा आणि शुद्ध ग्लिसरीनवर पुन्हा चालवायचा. पुन्हा चालला तर मीठ फक्त जागा अडवून बसलं होतं. नाही चालला तर कण वाढले, तो कॅटॅलिस्ट गेला. प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण यातून निघेल, ‘सर्वांत चांगला कॅटॅलिस्ट’ शोधण्यातून निघालं नसतं.

ग्लिसरीन साफ कसं करायचं? पहिली गोष्ट, हायड्रोक्लोरिक बंद. सोडियमऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरत असाल तर फॉस्फोरिक ॲसिडने साबण तोडा. पोटॅशियम फॉस्फेटचे खडे खाली बसतात, गाळून निघतात आणि खत म्हणून त्यांना किंमत आहे. महाग वाटेल, पण हिशेब पूर्ण मांडा. मग वरचं फॅटी ॲसिड काढून घ्या, मिथेनॉल आणि पाणी उडवा, आणि शेवटी व्हॅक्यूमखाली डिस्टिल करा. ग्लिसरीन साध्या दाबाला २९० अंशांना उकळतं आणि तिथवर पोचेपर्यंत करपतं. १० मिलिमीटर पाऱ्याच्या व्हॅक्यूमला ते १६७ अंशांच्या आसपास येतं, मीठ भांड्याच्या तळाशी राहतं. भांड्यात आम्ल किंवा अल्कली शिल्लक ठेवू नका. अल्कली राहिली तर रेणू एकमेकांना चिकटून डांबरासारखा गोळा होतो आणि साबण राहिला तर फेस थेट कंडेन्सरमध्ये चढतो. आम्ल राहिलं आणि तापमान चढलं तर ॲक्रोलीन सुटतं. ते विषारी असतं, आणि त्याची ओळख तुम्हाला आहेच: कढईतलं तेल जळलं की डोळ्यांना झोंबणारा जो धूर येतो, तो बराचसा तोच.

कॅटॅलिस्ट बनवण्याबद्दल थोडंच सांगतो, कारण भाच्याचा हात बसलेला दिसतोय. सुरुवात नायट्रेटपासून करायची, क्लोराइडच्या क्षारांपासून कधीच नाही. सोड्याने साका पाडल्यावर सोडियम निघेपर्यंत डिस्टिल्ड पाण्याने धुवायचं. कंटाळा इथेच येतो आणि चूकही इथेच होते. रिडक्शन (ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून धातू करणं) करताना नायट्रोजनमध्ये अगदी थोडा हायड्रोजन सोडून सुरुवात करायची. कॉपर ऑक्साइडचं तांबं होताना भरपूर उष्णता सुटते, आणि घाई केली तर वापरण्याआधीच कण वाढून बसतात. आणि नुसत्या गॅमा ॲल्युमिनावर तांबं चढवायचा मोह टाळा. २०० अंशांच्या पाण्यात गॅमा ॲल्युमिना हळूहळू बोहेमाइट (पाणी धरलेलं ॲल्युमिनियमचं खनिज) होतं, पृष्ठभाग जातो, दाणे भुसभुशीत होतात आणि फिल्टर चोंदतो. मिथेनॉलच्या रिॲक्टरमध्ये वायू असतो, तिथे ते निभावतं. तुमच्याकडे पाणीच पाणी आहे, आणि ग्लिसरीनच्या दर रेणूमागे पाण्याचा एक रेणू नव्याने तयार होतोच.

कॉपर क्रोमाइटबद्दल (तांबं आणि क्रोमियमचा कॅटॅलिस्ट) कोणी सुचवलं तर त्यामागे कारण आहे. अमेरिकेत मिसूरी विद्यापीठात गेलन सुपेस यांच्या गटाने २००५ मध्ये त्याच्यावर २०० अंशांना, जेमतेम १४ बारला चांगला उतारा दाखवला आणि २००६ मध्ये त्यांना हरित रसायनशास्त्राचा अमेरिकी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कॅटॅलिस्ट उत्तमच आहे. पण क्रोमियम सांभाळणं तुमच्या-माझ्यासारख्यांचं काम नाही. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. चंद्रशेखर रोडे यांच्या गटाने तांबं आणि ॲल्युमिनियमवर, क्रोमियम टाळून, याच अभिक्रियेवर काम केलंय. भाच्याने ते शोधपत्रं जरूर वाचावीत.

१,३-प्रोपेनडायॉलचा मोह सोडा. त्यासाठी मधल्या कार्बनवरचा ओएच काढून दोन्ही टोकांचे ठेवावे लागतात, आणि तांब्याच्या वाटेने ते होत नाही, कारण ॲसिटॉल बनतानाच टोकाचा ओएच गेलेला असतो. त्यासाठी प्लॅटिनम आणि टंग्स्टन, किंवा इरिडियम आणि रेनियम अशा जोड्या लागतात. जपानमधल्या तोमिशिगे यांच्या गटाने सिलिकावर इरिडियम-रेनियम चढवून त्यात नाव कमावलं. पण टंग्स्टन, रेनियम गरम पाण्यात धुपत जातं की काय ही धास्ती कायम, आणि इरिडियमचा भाव सोन्या-प्लॅटिनमच्या पंगतीतला. शिवाय बाजारात समोर कोण आहे ते बघा: अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या लाउडनला २००६ पासून मक्याच्या साखरेवर जिवाणू सोडून हे रसायन मोठ्या प्रमाणावर बनतंय. हॉटेलातल्या तेलाच्या गाळावर आपण त्याच्याशी स्पर्धा करायची?

मग प्रॉपिलीन ग्लायकॉल तरी परवडतं का? तुम्ही हे विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. कारखानदारीत हे सिद्ध झालेलं आहे. बेल्जियममध्ये एर्टवेल्डला ओलियॉन कंपनी २०१२ पासून बीएएसएफच्या तंत्राने ग्लिसरीनपासून हेच करते, क्षमता वर्षाला २०,००० टन. तुमचं ग्लिसरीन वर्षाला चोवीस टन, तेही कच्चं.

हायड्रोजनचाच हिशेब घ्या. दोन टन कच्च्या मालात साठ टक्के ग्लिसरीन धरलं तर १.२ टन. एक किलो ग्लिसरीनला २२ ग्रॅम हायड्रोजन लागतो, म्हणजे महिन्याला २६ किलो. ऐकायला चिमूटभर वाटतो, पण घनमीटरमध्ये तो जवळजवळ २९० होतो. एका सिलिंडरमध्ये साधारण सात घनमीटर बसतात, म्हणजे बेचाळीस सिलिंडर. आणि तुमचा रिॲक्टर ४० बारला चालत असेल तर सिलिंडर १५० बारवरून ४० वर आला की त्यातून पुढे काही येत नाही. उरलेला तसाच परत पाठवायचा. मग आकडा सत्तावन्नवर जातो. गळती आणि पर्जिंग (भांड्यातली हवा घालवायला सोडलेला वायू) वेगळं. महिन्याला सत्तावन्न हायड्रोजन सिलिंडर, त्यांचा परवाना, फ्लेमप्रूफ वायरिंग, आणि पावसाळ्यात घाट बंद झाला की गाडी कुठे तरी अडकलेली. हातात येणार काय? सगळं वळलं तरी ९९० किलो, प्रत्यक्षात आठशे-साडेआठशे किलो धरा.

आणि ते विकणार कोणाला? एथिलीन ग्लायकॉल १९७ अंशांना उकळतं, प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ ला. नऊ अंशांच्या फरकावर वेगळं करायला लांबलचक कॉलम लागतो. औषधाच्या, खाण्याच्या बाजाराकडे बघूसुद्धा नका. १९८६ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले, त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. या धंद्यात आम्ही आलो तेव्हा वरिष्ठांनी पहिल्या आठवड्यात सांगितलेली ती गोष्ट होती. तुमचा माल रेझिनवाल्यांना किंवा कूलंटवाल्यांनाच जाऊ शकतो, तोही तपासणीच्या कागदासकट.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. आधी हायड्रोक्लोरिक बंद करून ग्लिसरीन स्वच्छ केलं असतं आणि तेच विकलं असतं. डिस्टिल केलेल्या ग्लिसरीनला गिऱ्हाईक मिळतं. ग्लायकॉलच करायचं असेल तर स्वतःचा रिॲक्टर न उभारता महाड किंवा लोट्यातल्या एखाद्या हायड्रोजिनेशन युनिटला जॉब वर्कवर चार-सहा महिन्यांचा साठा एकदम दिला असता. हायड्रोजनशिवाय काही करायची हौस असेल तर ॲसिटोन घालून सोल्केटल नावाचं द्रावक होतं. आम्लधर्मी रेझिनवर, दाब न लागता. पण तिथेही मिठातला सोडियम रेझिनच्या आम्लाच्या जागा खाऊन टाकतो. कुठूनही गेलात तरी मिठाचा नाका लागतोच.

तुमचा शेवटचा प्रश्न राहिला: मेलेला कॅटॅलिस्ट कुठे टाकायचा? वाशिष्ठीत नाही आणि खाडीत तर अजिबात नाही. तांबं कालवं-तिसऱ्यांच्या पिलांना फार लवकर मारतं, आणि त्यावर पोट असलेली माणसं तुमच्याच गावात आहेत. घट्ट झाकणाच्या डब्यात साठवा आणि धोकादायक कचऱ्याची परवानगी असलेल्याकडे द्या, किंवा तांबं काढून घेणारा परवानाधारक गाठा.

डब्यात तो पाण्याखालीच ठेवा. आमच्याकडे एका जुलैत रात्रपाळीच्या नव्या पोराने फिल्टरवरचा रॅनी निकेलचा केक गोणपाटावर पसरून पंख्याखाली ठेवला, लवकर वाळावा म्हणून. बाहेर धो धो पाऊस, शेडमध्ये भिंतीसुद्धा ओल्या. अर्ध्या तासाने केकच्या कडेला काजव्यासारखे ठिपके लुकलुकायला लागले, मग ते सरकत आत गेले आणि गोणपाटाने पेट घेतला. जवळ मिथेनॉलचा पिंप नव्हता हे नशीब. तांबं निकेलइतकं तापट नाही, पण नुकतं रिड्यूस केलेलं असेल तर तेही गरम होतं. तेव्हापासून मी प्रत्येक डब्यावर आतल्या मालापेक्षा चार बोटं वर मार्करने रेघ मारून ठेवायचो. पाणी रेघेखाली गेलं की ज्याची शिफ्ट असेल त्याने भरायचं आणि वहीत वेळ लिहायची.